मॉर्फिन आहे का? आणि रात्री फोन कोण उचलतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वर्तमानपत्रात हल्ली आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थांच्या जाहिराती वरचेवर दिसतात. हसऱ्या नर्सबाई, हिरवळीवर व्हीलचेअर, खाली मोबाइल नंबर. संस्था निघताहेत ही चांगलीच गोष्ट आहे, कारण गरज अफाट आहे. पण त्यातली कोणती संस्था खरी आणि कोणती नुसती खोल्या भाड्याने देणारी, हे घरच्यांनी कशावरून ओळखायचं याबद्दल कुठेही एक ओळ छापून येत नाही. म्हणून हे पत्र.

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिसेविका आहे. उभी नोकरी सातारा जिल्ह्यात गेली. माझे धाकटे दीर गेल्या वर्षी तोंडाच्या कॅन्सरने गेले. मुंबईत ऑपरेशन झालं, शेक झाले, आणि वर्षभरात गाठ पुन्हा गालातून बाहेर आली. तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला नेहमीचं वाक्य सांगितलं, “आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या, सेवा करा.” हे वाक्य मी वॉर्डात असंख्य वेळा ऐकलं आहे आणि दर वेळी मला त्याचा राग आला आहे. कॅन्सर बरा करण्यासारखं काही नसेल. दुखणं, मळमळ, जखमेचा वास, झोप, तोंडाची स्वच्छता, बायकोची धास्ती, या सगळ्याचं करण्यासारखं खूप असतं, आणि ते शिकलेलं माणूस लागतं.

पुतण्या पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. त्याने इंटरनेटवर बघून भरपूर तारे मिळालेलं एक खासगी केंद्र शोधलं आणि आगाऊ रक्कमही भरली. मी पोहोचले तेव्हा भाऊजी तिथे दाखल झालेले होते. खोली स्वच्छ, एसी, भिंतीला टीव्ही, खिडकीतून झाडं. दरपत्रकात खोल्यांचे तीन वर्ग. मॉर्फिन म्हणजे अफूपासून बनणारं, कॅन्सरच्या तीव्र दुखण्यावरचं औषध. मी मॅनेजरना एकच विचारलं, “मॉर्फिनच्या गोळ्या ठेवता का?” ते म्हणाले, “मॅडम, त्याचं लायसन्स फार किचकट असतं. आम्ही ट्रामाडॉल देतो. अगदीच वाटलं तर हॉस्पिटलला शिफ्ट करतो.”

ज्याच्या गालाला भोक पडलंय आणि जबडा उघडत नाही, त्याला ट्रामाडॉलसारख्या त्याहून सौम्य वेदनाशामकावर ठेवणारं केंद्र माझ्या लेखी हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णाचा त्रास कमी करणारं ठिकाण, नाही. मग तिथे कितीही झाडं असोत.

लायसन्सचं म्हणाल तर ही सबब आता जुनी झाली. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन ठेवणं खरोखरच जिकिरीचं केलं होतं. वेगवेगळे परवाने, उत्पादन शुल्क खात्याचे हेलपाटे, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात यायचा नाही. कित्येक दवाखान्यांनी कंटाळून मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशी सहा औषधं अत्यावश्यक म्हणून वेगळी काढली आणि ती ठेवायला राज्याच्या औषध नियंत्रकाची, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाची, मान्यता पुरेशी ठरवली. प्रशिक्षित डॉक्टर, कुलपाचं कपाट आणि नीट लिहिलेलं रजिस्टर ज्यांच्याकडे आहे त्यांना ही मान्यता मिळते. ज्या संस्थेने ती घेतलेली नाही तिने कॅन्सरच्या रुग्णाला ‘वेदनामुक्त अखेर’ असं जाहिरातीत सांगू नये. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, आणि त्याच देशातला रुग्ण गोळीवाचून रात्र रात्र कण्हत काढतो. हे मला निवृत्तीनंतरही स्वस्थ बसू देत नाही.

त्या केंद्रात रात्री ड्यूटीवर एक पोरसवदा ब्रदर होता. मनाने चांगला, पण शिकवलेलं काही नाही. मध्यरात्रीनंतर भाऊजींचं दुखणं चढलं. ब्रदरने डॉक्टरांना फोन लावला, वाजत राहिला. केंद्राचा हेल्पलाइन नंबर लावला, तिथे मुलीने रुग्णाचा आयडी विचारून तक्रार नोंदवून घेतली. पहाटे अँब्युलन्स आली आणि भाऊजींना थेट एका हॉस्पिटलच्या आयसीयूत नेलं. ‘मला आता नळ्या नकोत’ हे त्यांनी घरात सगळ्यांना स्वच्छ सांगितलेलं होतं. केंद्राने दाखल करताना ते विचारलंच नव्हतं, त्यामुळे कागदावर कुठेच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये माणसाला आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपीही केली. शेवटच्या टप्प्यातली माणसं सांभाळणाऱ्यांनी पहिल्या दिवशी हे विचारायला नको? शिवाय आठवड्याच्या आत कमरेखाली लाल चट्टा, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात, उठलेला होता, तो माझ्या जाऊबाईंनी अंग पुसताना पाहिला, स्टाफने नाही. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या मात्र चार्टवर ओळीने होत्या, एकाच पेनाने, एकाच हाताने केलेल्या.

त्यानंतर आम्ही त्यांना घरी आणलं आणि एका धर्मादाय केंद्राच्या घरी येणाऱ्या टीमकडे नाव नोंदवलं. चांगलं काम कसं दिसतं तेही वाचकांना कळावं, म्हणून त्यांची पहिली भेट सांगते.

डॉक्टर आणि सिस्टर अशा दोघी आल्या. फाइल नंतर उघडली. सिस्टर खुर्ची कॉटला लावून बसल्या आणि भाऊजींनाच विचारलं, “काका, काल रात्री झोप लागली का?” त्यांना बोलणं अवघड, म्हणून पाटी-पेन्सिल हातात दिली. मग दुखणं शून्य ते दहात किती, कुठून कुठे जातं, कशाने वाढतं. मॉर्फिनची गोळी सुरू केली, सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री कुणाला उठायला नको. मधेच दुखलं तर जादा गोळी कधी आणि किती द्यायची ते जाऊबाईंच्या वहीत त्यांच्याच हाताने लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवायला लावलं. जखमेला घाण वास यायचा. नातवंडं खोलीत यायला कचरत. सिस्टरनी मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून तिची पूड ड्रेसिंगमध्ये टाकायला शिकवली. ही गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते. दोन-तीन दिवसांत वास उतरला आणि धाकटी नात आजोबांच्या पायाशी बसून चित्रं काढायला लागली.

आणि निघताना डॉक्टरांनी विचारलं, “पोट साफ होतंय का?” माझा जीव तिथे भांड्यात पडला. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. मॉर्फिन लिहिलं आणि सोबत जुलाबाचं औषध लिहिलं नाही, तर त्या माणसाने हे काम कधी मनापासून केलेलं नाही असं खुशाल समजावं. एखादी संस्था पारखायची तर हा प्रश्न मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. तो महागड्या यंत्राबद्दल नसतो, म्हणून दिखाऊ ठिकाणी कुणाला सुचत नाही.

“मॉर्फिन दिलं की माणूस लवकर जातो” हे आमच्याकडेही नात्यातल्या मोठ्यांनी ऐकवलं. काही डॉक्टरही ही भीती बाळगून असतात. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत, तोंडाने दिलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही. दुखणं थांबलं की तो जेवतो, झोपतो, बोलतो. भाऊजींनी गोळी सुरू झाल्यावर पातळ पेज मागून घेतली आणि शेतीच्या वाटणीचे राहिलेले कागद पुतण्याला समजावून दिले. संस्थेने ही भीती घरच्यांशी बसून बोलायला हवी. नुसती गोळ्यांची स्ट्रिप हातात दिली तर गोळ्या कपाटातच राहतात.

रात्रीच्या फोनचंही सांगायला हवं. या टीमकडे रात्री घरी येण्याइतकी माणसं नव्हती आणि ते त्यांनी आधीच सांगितलं. पण रात्रीचा नंबर ड्यूटीवरच्या सिस्टरकडे असायचा आणि तिला आमचे भाऊजी ठाऊक असायचे. शेवटच्या आठवड्यात घशात घरघर सुरू झाली. जाऊबाई घाबरल्या, त्यांनी रात्री फोन लावला. सिस्टरनी कुशीवर वळवायला सांगितलं, कोणती गोळी जिभेखाली ठेवायची ते सांगितलं, आणि “त्यांना आता त्रास जाणवत नाहीये ताई, तुम्हाला ऐकायला होतोय” असं म्हणाल्या. अँब्युलन्स आली नाही आणि तिची गरजही पडली नाही. संस्था निवडताना पैसे भरण्याआधी एकदा रात्री त्यांचा नंबर लावून बघा. कोण उचलतं, नर्स की कॉल सेंटर, आणि ते काय विचारतात, यावरून दिवसाच्या चकाचक भेटीपेक्षा जास्त कळेल.

घरी मृत्यू झाला तर दाखला कोण देणार, हाही प्रश्न लोक विचारत नाहीत. मग पहाटे फॅमिली डॉक्टर गावाला गेलेले असतात, अनोळखी डॉक्टर सही करत नाही, स्मशानात पास मिळत नाही, आणि दुःखात असलेल्या मुलाला दारोदार फिरावं लागतं. घरी येऊन रुग्ण तपासणाऱ्या संस्थेने मृत्यूच्या कारणाचा नमुना ४अ भरून द्यायची जबाबदारी घेतली पाहिजे, आणि ते पहिल्याच भेटीत स्पष्ट बोललं पाहिजे. आमच्या टीमने ते केलं. तेराव्यानंतर सिस्टरचा जाऊबाईंना फोनही आला, “तुम्ही जेवता ना वेळेवर?” उरलेल्या गोळ्या त्या मोजून, रजिस्टरला लिहून परत घेऊन गेल्या.

खर्चाबद्दल फार लिहीत नाही. महाग ते चांगलं आणि फुकट ते हलकं हा समज या क्षेत्रात तरी साफ खोटा आहे. देशातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती अवेदना सदन, १९८६ पासून रुग्णांकडून पैसे न घेता चालतं. त्याची शाखा गोव्यात लोटलीलाही आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून मोफत सेवा देतं. केरळात कोळिकोडला १९९३ मध्ये मेडिकल कॉलेजच्या आवारात डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी छोटं क्लिनिक सुरू केलं, पुढे गावोगावचे स्वयंसेवक त्यात आले आणि २००८ मध्ये केरळ सरकारने या सेवेचं धोरणच जाहीर केलं. ज्यांनी १९६७ मध्ये लंडनला आधुनिक हॉस्पिसची सुरुवात केली त्या सिसिली साँडर्स मुळात नर्स होत्या, याचा मला अभिमान वाटतो. या कामात मुख्य भांडवल शिकलेली आणि न थकणारी माणसं हेच आहे. म्हणून दरपत्रकाऐवजी विचारा, नर्स किती, त्यांनी प्रशिक्षण कुठे घेतलं, एका नर्सकडे रात्री किती रुग्ण.

आता शासनाबद्दल. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये बदल होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं सक्तीचं झालं. पण घरी माणसं पाठवणाऱ्या कितीतरी एजन्सीज नुसत्या दुकान-आस्थापना नोंदणीवर चालतात. त्यांच्या मावश्या आणि ब्रदर कष्टाळू असतात, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यांना ‘प्रशिक्षित नर्स’ म्हणून पाठवणाऱ्यांबद्दल म्हणायचं आहे. ‘पॅलिएटिव्ह’ (म्हणजे त्रास कमी करणारी सेवा) किंवा ‘हॉस्पिस’ हा शब्द पाटीवर लावायचा असेल तर मॉर्फिनची मान्यता, प्रशिक्षित डॉक्टर आणि नोंदणीकृत परिचारिका यांचा तपशीलही पाटीवर असावा, अशी सक्ती आरोग्य विभागाने करावी. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनच्या गोळ्या बारा महिने मिळाव्यात. सातारा, सांगली, सोलापूरच्या माणसाने दर पंधरा दिवसांनी गोळ्यांसाठी पुण्या-मुंबईला एसटीने का जावं?

आपल्याला एक विनंती आहे. आपले वार्ताहर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. अशा संस्थांना तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरं जिल्हावार छापावीत: मॉर्फिन ठेवता का, रात्री फोन कोण उचलतं, घरी मृत्यू झाल्यास दाखला देता का. ज्या संस्था उत्तर देणार नाहीत त्यांच्या नावापुढे तसं छापावं. सातारा जिल्ह्याची माहिती गोळा करायला मी स्वतः यायला तयार आहे. माझा पत्ता आणि फोन कार्यालयासाठी सोबत दिला आहे, घरच्यांच्या इच्छेमुळे नाव प्रसिद्ध करू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, सातारा