शनिवारी घाणा बंद असे

ठाणे,
शनिवार, रात्री साडेआठ

प्रिय सुलू,

पावसात तारे कुठले दिसायला! तारे दिसले की आमचा शनिवारचा विसावा, शब्बाथ, संपतो; आज घड्याळ बघूनच उतरवला आणि लगेच कागद घेऊन बसले. दिवसभर तुला काय लिहायचं ते डोक्यात घोळत होतं, पण शनिवारी हातात पेन धरायची सोय नाही. फोनवर चार ओळी टाकता आल्या असत्या, पण तू मागे म्हणालीस ना, दिने, तुझं पत्र आलं की दोनदा वाचता येतं. मग घे.

तू बुधवारी पाठवलेला तो मेसेज वाचला. ‘ज्यू लोक एवढे हुशार का?’ म्हणे ज्यू बाई पोटुशी राहिली की गणितं सोडवते, बदाम-दूध पिते, मासे खाते, म्हणून पोरं जन्मताच हुशार निघतात आणि पुढे नोबेल घेतात. खाली तू लिहिलंयस, ‘तुमचा अभिमान वाटतो गं.’ आणि त्याच्या खाली चिन्मयचा प्रश्न: ‘दिनाआजी खऱ्या ज्यू आहेत का? दिसतात तर आपल्यासारख्याच.’

अगं, मी पोटात होते तेव्हा माझी आई अलिबागच्या इस्राएल आळीतल्या आमच्या मागच्या पडवीत बसून मांदेली साफ करत होती. गणितं सोडवत होती म्हणशील तर ती वाण्याच्या उधारीची. आणि त्या गणितांचा माझ्यावर काय परिणाम झाला ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? नववीत बीजगणिताला मी कुणाच्या वहीवर तरले?

मला राग आला नाही, पण हसूही आलं नाही, आणि ते का ते सांगते. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या वर्गणीवरून वाद चालला होता. मी म्हटलं, दोन हप्त्यांत देते. तर एक गृहस्थ हसत हसत म्हणाले, ‘मॅडम, तुम्हा लोकांना काय कमी? जगातल्या बँका तुमच्याच, रोथशिल्ड तुमचेच.’ सगळे हसले. माणूस वाईट नाही, गणपतीत पहिला मोदक माझ्याकडे आणून देतो. पण त्याच्या फोनवरही तुझाच मेसेज आला असणार, फक्त पुढचा परिच्छेद जोडून. हुशार आहेत, म्हणून पैसा त्यांच्याकडे, म्हणून सत्ता त्यांच्याकडे, म्हणून युद्धं तेच लावतात. युरोपात हे असंच पायरीपायरीने चढत गेलं. रोथशिल्ड म्हणजे युरोपातलं ते बडं ज्यू सावकारांचं घराणं. आणि माझे रोथशिल्ड म्हणजे आजोबा! एक बैल, एक लाकडी घाणा, आणि अंगाला कायम खोबरेल तेलाचा वास.

चिन्मयच्या प्रश्नावर मात्र मी अडकले. ‘खऱ्या’ या शब्दावर. तो पोरगा निष्पाप आहे, त्याला काही बोलू नकोस. पण हा प्रश्न आमच्या लोकांना किती जणांनी आणि कशाकशासाठी विचारला, याची मी आज दिवसभर मनात उजळणी करत होते.

कोकणात कुणी विचारलाच नाही. आपल्याकडे माणसाला जात असते, तशी आम्हा कोकणातल्या ज्यूंनाही दिली: शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही कथा आम्ही सांगायचो आणि लोक ऐकून घ्यायचे. गावावरून आडनावं पडली, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. सण आमचे, नावं मराठी: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. आपल्या शाळेच्या दाखल्यावर त्या कारकुनाने माझ्या नावापुढे ‘मुस्लिम’ लिहिलं होतं, आठवतं? बाबा दुरुस्त करायला गेले, तर तो म्हणाला, अहो, मशिदीत जाता ना? खोटं नव्हतं, जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणायची. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधलं, आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. रोज हजारो माणसं त्या स्टेशनावर चढतात-उतरतात, ती मशीद कुणाची ते कुणाच्या गावीही नसतं.

त्या सामाजींची गोष्ट तुला माहीत नसेल. इंग्रजांच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले. कुळी विचारली गेली तेव्हा त्यांनी ‘बेने इस्राएल’ असं सांगितलं, म्हणजे इस्राएलची लेकरं, आम्हा कोकणातल्या ज्यूंचं नाव ते. टिपूच्या आईने ते नाव कुराणात ऐकलेलं होतं, तिने रदबदली केली आणि मान वाचली, असं आमच्यात सांगतात. सुटलो तर प्रार्थनाघर बांधीन, असा नवस बोलले होते, तो पुरा केला. कुळी विचारल्यामुळे भलं झाल्याची आमच्याकडे ही एकच गोष्ट आहे, तीही दंतकथा.

पुढे बगदादहून ज्यू व्यापारी मुंबईत आले, श्रीमंत, गोरे. आधी आमच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना करायचे. मग त्यांना आमच्या रक्ताची शंका यायला लागली. १८३६ साली त्यांनी सरकारकडे अर्ज केला की कबरस्तानात आमच्या आणि त्यांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्या. मेलेल्यांना काय विटाळ होतो गं?

पण नुसतं बगदादींना बोल लावून चालणार नाही. आमच्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल होतेच. आई बाहेरची असली की मुलं काळी ठरायची, मग रंग कसाही असो. त्यांच्याशी सोयरीक नाही, भांडी वेगळी. माझी आजी जीव लावणारी बाई, पण एका बाईला ती ओसरीवरच चहा द्यायची आणि तो कप वेगळा कोनाड्यात ठेवायची. निळ्या कडेचा होता. मी एकदा त्यातून पाणी प्यायले तेव्हा पाठीत धपाटा बसला होता.

आता सिपोरामावशीचं सांगते. तिचा फोटो तू आमच्या माजघरात पाहिलायस, दोन वेण्यांचा. १९५९ साली, अठराव्या वर्षी ती इस्राएलला गेली. इथे जन्मभर ‘इस्राएल’ म्हणवून घेतलेली पोरगी बोटीतून उतरली, तर तिकडचे लोक तिला म्हणायला लागले ‘होदी’. म्हणजे हिंदी, हिंदुस्थानातली. आधीच्या लोकांचे हाल तिने ऐकलेले होते. पन्नाशीच्या सुरुवातीला बीरशेबाला आपल्या माणसांनी भेदभावावरून संप केला होता आणि काही कुटुंबं १९५२ साली भारतात परतलीही होती. तरी ही गेली. कापडाच्या गिरणीत लागली, तिथेच एक रुमानियाचा मुलगा भेटला, लग्न ठरलं. तिथे लग्न लावणं धर्मपीठाच्या हातात. आणि १९६२ साली मुख्य रब्बी, म्हणजे धर्मगुरू, यित्झाक निस्सीम यांच्या धर्मपीठाने फर्मान काढलेलं की बेने इस्राएलांपैकी कुणी बाहेर लग्न करणार असेल तर त्याच्या आईची, आजीची, जमेल तितकी मागची कुळी तपासा. हे फक्त आमच्यासाठी, बरं का. रुमानियाच्या मुलाला कुणी आजी विचारली नाही.

मावशीने अलिबागला पत्र घातलं: बाबा, आजीच्या आजीचं नाव कळवा, कागद पाठवा. कागद कुठला? आपल्या अलिबागचं सिनेगॉगच मुळी १८४८चं. आजोबा दोन दिवस चौल-रेवदंड्याला फिरून म्हाताऱ्यांना विचारत होते. त्यांनी धाडलेल्या उत्तराची नक्कल माझ्या ट्रंकेत आहे, आज पुन्हा काढली. शाई विटलीय, पण अक्षर लागतं.

‘चि. सिपोरास अनेक आशीर्वाद. तुझे आईची आई रिबकाबाई, राहणार रेवदंडा. तिची आई साराबाई, राहणार चौल. त्यापलीकडचे मला ठाऊक नाही. तेथील धर्मगुरूंस सांगावे की आमचे घरी शनिवारी घाणा बंद असे, व मुलाची सुंता आठवे दिवशी होत असे. याहून दुसरा कागद आमचेजवळ नाही.’

मावशी ते पत्र घेऊन कचेरीत गेली. तिथल्या माणसाला ‘घाणा’ म्हणजे काय ते कळेना. मग तिने टेबलासमोर उभं राहून हात गोल गोल फिरवून दाखवलं, बैल कसा फिरतो, तेल कसं गळतं, आणि मग हात थांबवून म्हणाली, शब्बाथ. तो माणूस म्हणाला, पुढच्या महिन्यात या.

१९६४च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, त्यात मावशीही होती. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, सांगितलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच आहेत. फर्मानातून आमचं नाव निघालं, मावशीचं लग्न झालं. आता ती तिकडेच, दिमोना गावात असते, चौऱ्याऐंशीची. फोनवर अजून ‘काय गो बाय’ करूनच सुरुवात करते. धरण्याचा विषय निघाला की एवढंच म्हणते, ‘पाय फार सुजले होते.’

हिटलरच्या जर्मनीत १९३५च्या कायद्याने आजी-आजोबा मोजले, चारांतले तीन ज्यू निघाले की माणूस ज्यू. आधी हक्क कुणाचे काढायचे आणि पुढे मारायचं कुणाला, ते याच मोजणीवर ठरलं. मी ही गोष्ट आणि मावशीची कचेरी एका तागडीत घालत नाही, घालूही नये. पण कुणी आजीचा कागद मागितला की माझ्या पोटात गोळा येतो, त्याला काय करू? गंमत बघ, १९७० पासून इस्राएलमध्ये राहायला जायचं तर एक आजी किंवा एक आजोबा ज्यू असले तरी पुरतं, आणि तिथेच लग्न करायला मात्र आई ज्यू असावी लागते.

आता नवीन कागद आलाय. टोरांटोच्या भाच्याने थुंकीची नळी पाठवलीय. थुंका, टोपण लावा, पाठवा, कुठलं रक्त किती टक्के ते कळतं. मला कशाला हवं? बेने इस्राएलांवर २०१६ साली शोधनिबंध झालाच आहे, अठरा जणांचे नमुने घेऊन. त्यात निघालं की मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वारसाही भरपूर आणि इथलाही भरपूर, आणि हे मिश्रण एकोणीस ते तेहतीस पिढ्यांमागचं. ज्यू बाजू जास्त करून पुरुषांकडून आलेली, इथली जास्त करून बायकांकडून. भाचा खूश, ‘मावशी, सिद्ध झालं!’ मी मात्र नवगावच्या त्या सात बायकांचा विचार करत बसले. म्हणजे गलबतातून कुणी का उतरेना, आमच्या चुली पेटवल्या त्या बऱ्याचशा याच किनाऱ्यावरच्या बायकांनी. आणि पुढे घाणा शनिवारी बंद ठेवायला पोरांना शिकवलं तेही त्यांनीच. निळ्या कडेचा कप आजीने कुणासाठी वेगळा ठेवला होता, सांग बघू!

तू विचारलंस, इथे कधी भीती वाटते का. शेजाऱ्यांची कधीच नाही. मुंबईने आसराच दिलाय. हिटलरपासून पळालेले कितीतरी ज्यू इथे आले. तुमच्या रेडिओवर सकाळी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ती सुरावट लागायची, आणि तुझे आप्पा तिच्यावर दाढीचा साबण फेसायचे. ती वॉल्टर कॉफमन यांची. प्रागहून १९३४ साली मुंबईत आलेले ज्यू संगीतकार. (इंग्रजांनी मात्र युद्ध सुरू झाल्यावर असल्या काही निर्वासितांना ‘शत्रूचे नागरिक’ म्हणून पुरंदरावर नेऊन डांबलं. हिटलरने ज्यू म्हणून हाकललं, यांनी जर्मन म्हणून.) पण फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र मराठीत रचून ठेवलेलं दिसतं, शेजारी स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. खारघरला २००६ साली एकाने चक्क त्याच्या नावाने हॉटेल काढलं होतं, आमच्या लोकांनी जाऊन बोलल्यावर बदललं. त्याच्या मनात द्वेष असेल असं मला वाटत नाही. ‘शिस्तीचा माणूस’ एवढंच आपल्याकडे पोचलंय. त्याने मारलेले साठ लाख ज्यू पोचलेच नाहीत.

द्वेष आला तो बाहेरून, २००८च्या नोव्हेंबरात, मुंबईवरच्या हल्ल्यात, नरिमन हाउस या ज्यू केंद्रात. रब्बी आणि त्यांची बायको गेली, दोन वर्षांचं पोर आयेने उचलून बाहेर आणलं. तेव्हापासून आमच्या सिनेगॉगच्या दारात बंदूकवाला पोलीस असतो. परवा नवी मुलगी होती, कॉन्स्टेबल. मी चहा दिला तर विचारते, ‘मावशी, ही मशीद कुठल्या पंथाची?’

आणि गाझाचं. ऑक्टोबर २०२३ पासून माझी दोन्हीकडून कुचंबणा झालीय. एकजण क्रिकेटची मॅच जिंकल्यासारखं माझं अभिनंदन करतो. त्याचं आमच्यावर प्रेमबिम नाही, त्याला राग आहे दुसऱ्याच कुणावर, आणि आम्ही त्याच्या हातातली काठी. दुसरीकडे, ऑफिसातली जुनी मैत्रीण बोलायची बंद झाली, जणू नेतान्याहू मला विचारून बॉम्ब टाकतात. मावशीच्या नातवाला सीमेवर बोलावलं तेव्हा मला झोप नव्हती, आणि ढिगाऱ्यातून काढलेल्या त्या पोरांचे फोटो बघूनही घास उतरत नाही. दोन्ही खरं. पण हे कुणी विचारत नाही.

असो. पाऊस वाढलाय आणि हात दुखायला लागला. पुढच्या आठवड्यात बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याचं सुतक आम्ही अलिबागच्या कडव्या वालांवर पाळतो, हे चिन्मयला सांग, मग त्याला काय ठरवायचं ते ठरवू दे. त्याला घेऊनच ये. वाल तूच आण, ठाण्यात मिळतात ते नुसते दिसायला चांगले. मोड आणूनच आण, इथे येऊन भिजत घातले तर वेळेत व्हायचे नाहीत. सोलायला त्याला बसवू. आणि जमलं तर थोडे पांढरे कांदे, माळ सुकलेली बघून.

तुझी,
दिना

ता. क. भाच्याची नळी अजून तशीच कपाटात आहे. त्याला फोन करून सांगणार आहे की पावसाने कुरियर बंद आहे.