माझे १२ फोटो परत द्या: सांस्कृतिक मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी तुम्ही स्टेजवरून जाहीर केलंत की डॉक्युमेंटरी फोटोग्राफर्ससाठी २ वर्षांची फेलोशिप सुरू होणार. मी त्याच हॉलमध्ये होते, टाळ्याही वाजवल्या, घरी येऊन रात्रभर जागून प्रपोजल लिहिलं. आता वेबसाइटवर फेलोशिपचा पत्ता नाही, तिच्या जागी फोटो स्पर्धा आलीय. आणि तिचा नियम ९ सांगतो की पाठवलेला प्रत्येक फोटो, जिंको वा हरो, कायमचा खात्याच्या मालकीचा, कुठेही वापरणार, नाव देणं बंधनकारक नाही. हा नियम मी १२ फोटो अपलोड केल्यावर वाचला. आधी वाचायला हवा होता, मान्य. पण बक्षीस तिघांना आणि मालकी सगळ्यांच्या फोटोंची, ही सरळ सरळ लूट आहे.

ते १२ फोटो म्हणजे माझी ११ वर्षं आहेत. दगडखाणीतल्या कामगारांना सिलिकोसिस होतो, बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते, बरा होत नाही, आणि बाहेरून माणूस नुसता दमलेला दिसतो. हे एका दिवसाच्या फेरीत फोटोत येत नाही. सुरुवातीचे कित्येक महिने मी कॅमेरा बॅगेतून काढलाच नाही, नुसती जाऊन बसायचे, मग बायका बोलायला लागल्या. एका घरात मी बापाचा फोटो काढला आणि ६ वर्षांनी त्याच दारात त्याच्या मुलाचा, तोच खोकला, तसाच भिंतीला टेकलेला हात. त्या घरानं मला विश्वासानं आत घेतलं, आणि उद्या तोच फोटो तुमचं खातं एखाद्या जाहिरातीच्या फलकावर लावू शकतं, मला न विचारता, त्यांना न विचारता. मी त्यांना काय तोंड दाखवू?

हे काम चालवायला मी लग्नं शूट केली, कंपन्यांचे इव्हेंट केले, दोन लेन्स विकल्या, पाठीचं दुखणं कायमचं लावून घेतलं. ॲल्बम डिझाइन करताना पहाटे ४ वाजता खाणीचे फोटो एडिट केलेत मी.

नवीन मुलं विचारतात, ताई, यात करिअर कसं करायचं? पूर्वी एक रस्ता होता. आधी कुणाचा तरी असिस्टंट, मग पेपरात स्टाफ फोटोग्राफर, मग मासिकांच्या असाइनमेंट, आणि त्या पगारावर स्वतःचा वर्षानुवर्षं चालणारा प्रोजेक्ट. तो रस्ता बुजत गेला. अमेरिकेतलं ‘लाइफ’ हे फोटोंवर चालणारं साप्ताहिक १९७२ मध्येच बंद पडलं. २०१३ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ या अमेरिकन दैनिकानं सगळाच्या सगळा फोटो विभाग एका दिवसात काढून टाकला, त्यात पत्रकारितेतला मानाचा पुलित्झर पुरस्कार मिळालेला माणूससुद्धा होता, आणि बातमीदारांना आयफोनवर फोटो काढायचं ट्रेनिंग दिलं. आज सुरुवातीला वर्कशॉप आहेत, तेही फी भरून, आणि वर चार-दोन मोठे पुरस्कार आहेत. मधली २०-२५ वर्षं जगायचं कशावर, हे कोणी सांगत नाही. एनजीओची कामं मिळतात, पण तिथे त्यांना हवा तोच चेहरा हवा असतो. तुमची फेलोशिप नेमकी या मधल्या खड्ड्यासाठी होती, म्हणून इतकं लागलं.

आणि सरकारांना हे जमत नाही असं अजिबात नाही. अमेरिकेत १९३५ पासून मंदीच्या काळात सरकारनंच फोटोग्राफर पगारावर ठेवले, शेतमजुरांमध्ये पाठवले. डोरोथिया लँगचा १९३६ चा ‘मायग्रंट मदर’ हा गाजलेला फोटो त्यातूनच आला, त्या कामाच्या जवळपास पावणेदोन लाख निगेटिव्ह आजही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. याच्या उलट तिथलाच फोटोग्राफर लुईस हाइन. शिक्षकाची नोकरी सोडून १९०८ पासून कारखान्यांतली लहान मुलं टिपली, बालमजुरीविरुद्धच्या लढ्याला त्या फोटोंनी बळ दिलं, आणि तो १९४० मध्ये कफल्लक होऊन, घर गमावून मेला. फोटो सगळ्यांना हवे होते, माणूस नको होता.

कायद्यातसुद्धा आम्ही खालच्या पायरीवर. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात इतर कलाकृतींना किमान संरक्षण निर्मात्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षं आणि फोटोला काढल्यापासून फक्त २५, हा फरक मिटवायला १९९६ चा वेगळा करार यावा लागला. पण नाव लावून घेण्याचा हक्क तर बर्न करारात १९२८ पासून आहे, मग नियम ९ लिहिणाऱ्या अधिकाऱ्यानं काय वाचून लिहिला?

म्हणजे प्रश्न एका स्पर्धेचा नाहीच. रुग्णालयाच्या उद्घाटनाला फोटोग्राफर हवा, आपत्तीच्या अहवालाला फोटो हवेत, वर्षाच्या शेवटी कॅलेंडर हवं, आणि बिल दिलं की फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. प्रिंटरला पैसे मिळतात, मांडववाल्याला मिळतात, ज्याच्या फोटोसाठी मांडव घातला त्याला सर्टिफिकेट मिळतं. सर्टिफिकेटवर हार्ड डिस्क येत नाही.

फेलोशिप जाहीर केली तशी सुरू करा. फोटो वापरायचा असेल तर ठरावीक मुदतीचा परवाना घ्या, मोबदला द्या, खाली नाव छापा. नियम ९ काढा. आणि माझे १२ फोटो सर्व्हरवरून डिलीट करून तसं लेखी कळवा. दोन ईमेल केलेत, अर्जाच्या नंबरसकट. उत्तर आलेलं नाही, आणि पुढच्या आठवड्यात मला त्या घरी जायचंय.

आपली,
एक डॉक्युमेंटरी फोटोग्राफर