बरोबर कोण असतं, ते लिही

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

बामणोलीहून लाँचनं पलीकडं गेलीस, हे दाद्याकडून कळलं. मला फोन केला नाहीस. राग आहे तोवर असू दे. नोकरीचं मी काढणार नाही. सोडलीस, सोडलीस.

एकच सांगतो. पहाटे पाण्याकडं एकटी जाऊ नकोस. उन्हाळा तापला की गवे कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला उतरतात. कळप असला तर माणसाचा वास लागताच बाजूला होतो, पण एकट्या फिरणाऱ्या नराचा भरवसा नाही. पुढं जायचं नाही, पळायचं नाही, तोंड त्याच्याकडं ठेवून मागं सरकायचं. हे सगळं तुला माहीत आहे. आई म्हणते, पत्र लिहिताय की वर्ग घेताय? बरं, राहू दे.

काटेसावरीचं चित्र आईनं देवघराशेजारी लावलंय. पान एकही काढलं नाहीस ते बरोबर; फुलावर आली की सावर निष्पर्ण असते. पण खाली पडलेली फुलं कुठं आहेत? ती खायला भेकर येतं. ते काढ. मात्र भेकराच्या मागं झाडीत शिरू नकोस.

मी बामणोलीची गाडी चालवायचो तेव्हा तू इंजिनाच्या बॉनेटवर बसायचीस. बूड भाजायचं, तरी उठायची नाहीस. भादव्यात कासच्या पठारावर धुकं असं उतरायचं की हेडलाइट लावूनही रस्ता सापडायचा नाही, आणि तू ओरडायचीस, "बाबा, सीतेची आसवं!" एवढीशी निळी-जांभळी फुलं धुक्यातून तुला कशी दिसायची, कोण जाणे. एकदा कंडक्टर जाधवकाकांच्या वेबिलामागं तेरडा काढलास. डेपोत त्यांनी बोलणी खाल्ली, पण कागद मागून घेतला. २०१२ ला पठार जागतिक वारशात गेलं तेव्हा तोच कागद घेऊन घरी आले होते. म्हणाले, पोरीला आधीच कळलं होतं. मी तेव्हा काही बोललो नाही. छाती मात्र फुगली होती.

पुस्तकाला सगळे ऋतू हवेत म्हणालीस. वैशाखात अंजनीचा निळा बहर, मृगाआधी काजवे, इथवर ठीक. पण पावसातही तिथंच? कोयनेजवळच्या नवजाला एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. त्या धुक्यात गवा दहा हातांवर उभा असला तरी कळत नाही. टोपली कारवी तर सात-आठ वर्षांनी फुलते. तिच्यासाठी थांबणार असलीस तर मला आत्ताच सांग, म्हणजे आईला हळूहळू सांगता येईल.

दाद्याबरोबर मेतकूट, गुळपोळ्या आणि बॅटरी पाठवतोय. सेल नवे आहेत. पोळ्या तिथल्या मावशींनाही दे. डबा परत पाठवशील तेव्हा त्यात चिठ्ठी टाक. पहाटे तुझ्याबरोबर कोण असतं, त्याचं नाव आणि गाव लिही. कुणीच नसेल तर तसंही लिही. मी ओरडणार नाही.

तुझे बाबा