अंगठ्याएवढ्या तुकड्यासाठी सायकल भंगारात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या राजारामपुरीतल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गेल्या रविवारी मी सायकली मोजल्या. अकरा भरल्या. त्यांतल्या सात गिअरच्या, जाड टायरच्या, पन्हाळ्याच्या आडवाटा चढायला म्हणून हौसेनं घेतलेल्या. सातांतल्या पाच जागच्या हलत नव्हत्या. एकीची गिअरची केबल गंजून आवरणात चिकटून बसली होती, दोघी पंक्चर होत्या, एकीची ब्रेकची चकती पॅडला घासत होती आणि पाचवीचा हँगर, म्हणजे मागच्या गिअरचा भाग ज्यावर लटकतो तो छोटा तुकडा, मोडला होता. फ्रेम पाचहींच्या खणखणीत आहेत. तरीही पाचवीच्या मालकांनी परवा तिच्यासाठी भंगारवाल्याला बोलावलं. ते बघून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. वय ४६. २०१८ पासून माउंटन बाइक चालवते. रविवारी पहाटे निघून शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ करत पन्हाळा आणि पाय साथ देत असतील तर पुढं मसाई पठार. माझे वडील, अण्णा, शिवाजी उद्यमनगरात लेथवर ३८ वर्षं उभे होते. सायकल स्वतः उघडायला मी शिकले ते त्यांच्यामुळं, आणि त्याला निमित्त झालं पुराचं.

ऑगस्ट २०१९. माझी सायकल तेव्हा माहेरी, शुक्रवार पेठेत होती. पंचगंगेचं पाणी तळमजल्यात शिरलं आणि पाच दिवस हललं नाही. पाणी ओसरल्यावर सायकल बाहेर काढली तेव्हा चाकांच्या आऱ्यांत गाळाचे पापुद्रे धरले होते आणि मागचं चाक फिरवलं की आतून जात्यासारखा आवाज यायचा. शहरातल्या एका मोठ्या दुकानात नेली. तिथल्या माणसानं चाक एकदा फिरवलं आणि म्हणाला, "ताई, दोन्ही हब गेलेत. चाकंच बदला, सात हजार होतील. नाहीतर नवीन घेऊन टाका की." त्यानं पाना हातातसुद्धा घेतला नव्हता.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आधी उघड तर. न उघडताच गेलं म्हणायचं म्हणजे काय?"

हब म्हणजे चाकाचा मधला भाग, एक्सल आणि छर्रे असतात तो. त्याच्या आत शंकूसारखा कोन असतो, त्यावर त्याला जागी धरणारा चेकनट. कोन धरायला पाना पातळ लागतो. पुढच्या चाकाला १३चा, मागच्याला १५चा. साधा पाना जाड पडतो, फटीत जातच नाही. अण्णांनी एक जुना १५चा पाना ग्राइंडरवर घासून दोन मिलिमीटरला आणला. मग अंगणात जुनं धोतर अंथरलं, वर स्टीलची ताटली ठेवली आणि डाव्या बाजूचा चेकनट सोडवून एक्सल हळूच उजवीकडून बाहेर ओढला. ताटलीत टपटप छर्रे पडले. ग्रीस चहाच्या सायीसारखं झालं होतं. पाणी मिसळलं की ग्रीसचा रंग असा होतो, हे त्या दिवशी कळलं. रॉकेलमध्ये जुना टूथब्रश बुडवून सगळं धुतलं. अण्णांनी एकेक छर्रा बोटांत धरून उन्हात फिरवला. ज्यावर काळा ठिपका दिसेल तो बाजूला. मागच्या हबमध्ये एका बाजूला पाव इंची नऊ छर्रे, दोन्ही मिळून अठरा. पुढच्या हबमध्ये ३/१६ इंची, एका बाजूला दहा. त्यांनी मला हे आकडे वहीत लिहून घ्यायला लावले. ती वही अजून माझ्या पेटीत आहे.

छर्रे ज्यांत फिरतात त्या हबच्या वाट्या गुळगुळीत होत्या. डाव्या कोनवर मात्र सुईनं टोचल्यासारखे खड्डे पडले होते, तेवढा एक कोन बदलला. छर्रे उद्यमनगरातल्या बेअरिंगच्या दुकानात मिळाले. छर्रे, कोन, ग्रीस सगळं मिळून दोनशे रुपयांच्या आत.

अवघड काम पुढं होतं. कोन किती आवळायचा? मी दम लावून आवळत होते. अण्णांनी हात धरला. "आवळलं म्हणजे झालं असं नसतंय बाळ. किंचित ढिला ठेव." कारण माझ्या सायकलीची चाकं क्विक रिलीजची आहेत, म्हणजे पान्याशिवाय लिव्हरनं बसणारी. लिव्हर दाबला की एक्सल केसभर दबतो आणि तो ढिलेपणा आपोआप जातो. बाहेरच पूर्ण घट्ट केलं तर फ्रेममध्ये बसल्यावर छर्रे चिरडतात. तीनदा बसवलं, तीनदा उघडलं. चौथ्यांदा चाक सोडलं तर व्हॉल्व्हच्या वजनानं ते मागंपुढं झुलत झुलत स्वतःच थांबलं, घड्याळाच्या लंबकासारखं. ते चाक मी आजही चालवते.

वाचक म्हणतील, सगळ्यांचे वडील कुठं लेथवर असतात? खरं आहे. पण नेहमीच्या दुरुस्तीला लेथ लागतच नाही. चेनचंच घ्या. चेन ताणली गेली असं सगळे म्हणतात. पोलाद असं ताणलं जात नाही, आतली पिन आणि तिच्याभोवतीचा भाग झिजतो, प्रत्येक सांध्यात जरा जरा सैलपणा येतो आणि त्याची बेरीज होते. मसाई पठाराची जांभ्याची तांबडी धूळ तेलात मिसळली की ती पॉलिशपेपरसारखी घासत राहते. चेनचे सांधे अर्ध्या अर्ध्या इंचावर असतात, म्हणजे नव्या चेनचे २४ सांधे बरोबर १२ इंचांत बसतात. मुलांच्या कंपासपेटीतली फूटपट्टी लावा. पट्टीच्या पुढं १/१६ इंच गेली असेल तर चेन बदला. १/८ इंच गेली असेल तर उशीर झाला, कॅसेटचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचे, दातही झिजले असणार, आता नवी चेन त्यांवर उड्या मारणार. वेळेवर चेन बदलली तर कॅसेट दोन-तीन चेन पुरते. हे मोजायला दोन मिनिटं लागतात, आणि एकाही दुकानानं मला ते आजवर आपणहून सांगितलेलं नाही.

आट्यांचं तर सांगायलाच हवं, कारण त्यापायी मी एका मुलाला रडताना पाहिलंय. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवं पेडल नेहमीसारखं घड्याळाच्या दिशेनं घट्ट होतं, डावं त्याच्या विरुद्ध. पाय मारताना पेडल स्वतःच सुटत जाऊ नये म्हणून ही सोय केलेली असते. त्या मुलानं डावं पेडल काढायला म्हणून जोर लावून आणखी आवळलं. मदतीला आलेल्यानं पान्याला पाइप लावला. पेडल ज्यात बसतं तो क्रँक ॲल्युमिनियमचा, पेडलची दांडी पोलादाची. आटे गेले. त्याला आधी कुणी एवढंच सांगितलं असतं की पेडलच्या दांडीवर एल आणि आर कोरलेलं असतं, ते बघ.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी सगळ्यांना सावध करते. पन्हाळ्यावरून वाघबिळाकडं उतरताना ब्रेकवर जीव असतो. आमच्या ग्रुपमधल्या एकानं चकती किरकिरते म्हणून तिच्यावर गंज सुटायचा स्प्रे मारला होता. आवाज थांबला आणि पहिल्याच वळणावर ब्रेकही लागेना. नशीब, रस्त्याकडेला गवत होतं. चकतीला तेलाचा थेंबही लागता कामा नये. लागलाच तर स्पिरिटनं पुसायची आणि पॅड तेल प्यालेले असतील तर ते सरळ बदलायचे. चकती झिजते तशी पातळ होते. माझ्या चकतीवर बारीक अक्षरांत कमीत कमी जाडी १.५ मिलिमीटर असं कोरलंय. नवी असताना ती १.८ होती. मधले फक्त तीन दशांश मिलिमीटर वापरायचे, म्हणून मी दर दिवाळीला व्हर्निअर लावून जाडी मोजते. आणि हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तेल भरायचं असेल तर आधी त्यावर काय लिहिलंय ते वाचा. काहींना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं घातलं की आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. हाताला सवय नसेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं, पण त्यानं कुठलं तेल घातलं हे मात्र विचारावं.

पावसाळ्यात चिखलातून आल्यावर काही जण सायकल गाड्या धुवायच्या सेंटरवर जेटखाली धरतात. कृपा करून धरू नका. तो फवारा सीलच्या आत पाणी ढकलतो. बादली, मऊ ब्रश आणि नंतर कोरडं फडकं, एवढं पुरतं.

आता त्या पाचव्या सायकलीकडं येते. हँगर म्हणजे मागचा डिरेलर, चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ज्यावर लटकतो तो अंगठ्याएवढा तुकडा. तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात. सायकल उजव्या बाजूला पडली, दगडावर आपटली तर आधी त्यानं वाकावं, मोडावं, आणि फ्रेम वाचावी. म्हणजे हा तुकडा कधीतरी मोडणारच, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक असतं. आणि नेमका तोच दुकानात नसतो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचासुद्धा जुळेल याची खात्री नाही. माझा २०२२ मध्ये मोडला तेव्हा ज्या दुकानातून सायकल घेतली तिथं सहा आठवडे खेटे घातले. "वरून माल येत नाही" हे एकच उत्तर. शेवटी मोडलेले दोन्ही तुकडे रुमालात बांधून अण्णांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडं उद्यमनगरात गेले. त्यांनी तुकडे जुळवून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आखून घेतले, मिलिंगवर आकार काढला, डिरेलरसाठी ९ मिलिमीटरचं भोक पाडून त्यात १० मिलिमीटरचे, १ मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांतलं अंतर) आटे कापले. दुपारपर्यंत हँगर हातात. पैसे विचारले तर म्हणाले, "चहा सांग."

ज्या गावानं ऑइल इंजिनं घडवली, ज्याच्या फाउंड्रीतलं कास्टिंग देशभरातल्या गाड्यांना आणि ट्रॅक्टरना जातं, त्या गावात चांगली सायकल एका तुकड्यावाचून भंगारात जावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हात आहेत, मशिनं आहेत. सायकल विकणारा आणि उद्यमनगर यांची गाठ तेवढी पडत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि मोटारगाड्या अशी चार क्षेत्रं तिनं घेतली. सायकल त्यात नाही. ती यावी असं मला वाटतंच, पण तोवर थांबायचं कारण नाही. शहरातल्या सायकल विक्रेत्यांना माझी विनंती आहे की, जे मॉडेल विकता त्याचे दोन हँगर, ब्रेकचे पॅड आणि हबचे कोन तरी काउंटरमागं ठेवा, आणि सायकल देताना गिऱ्हाइकासमोर एकदा चाक काढून परत बसवून दाखवा. आयटीआयला विनंती की फिटरच्या मुलांना एखाद्या गिअरच्या सायकलीचा हब उघडायला द्या. महापालिकेनं रंकाळ्यावर हवेचा पंप आणि साखळीनं बांधलेले चार पाने असलेला एक खांब उभा केला तरी पहाटे तिथं येणाऱ्या पोरांचं मोठं काम होईल. आणि आईवडिलांनो, मुलीला सायकल घेऊन देताना सोबत ॲलन कीचा एक सेट द्या. ४, ५ आणि ६ची की असली तरी बहुतेक कामं होतात.

रविवारी आठ ते दहा मी पार्किंगमध्ये पेटी उघडून बसते. केबल चिकटलेली ती सायकल मागच्या आठवड्यात चालू झाली, नवी आतली केबल टाकली आणि केबलचा ताण बदलणारा ॲडजस्टर पाव-पाव फेरा फिरवला, बस्स. दोन्ही पंक्चरं त्या सायकलींच्या मालकिणींनीच काढली. एक आठवीत आहे, दुसरी साठीची. आठवीतलीनं मग पुढचा हबही उघडला. छर्रे मोजले तर एकोणीसच. विसावा आम्ही तिघींनी मोबाइलच्या उजेडात शोधला, जिन्याखालच्या झाडूला चिकटला होता.

हँगर मोडलेल्या सायकलीच्या मालकांनी मला आठ दिवसांची मुदत दिलीय. तुकडा उद्यमनगरात पोचवलाय. ज्यांच्या घरी मोडका हँगर पडला असेल त्यांनी तो टाकू नये, दोन्ही तुकडे जपून ठेवावेत आणि त्यांवर सायकलीचं मॉडेल आणि साल चिकटपट्टीवर लिहून ठेवावं. नमुना असला की तुकडा बनतो.

आपली,
एक सायकलस्वार वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर