स्थानकाची मेख सांध्यात असते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शुभांशू शुक्ला यांच्या २०२५ च्या मोहिमेपासून अंतराळ स्थानकावरच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याबद्दल बरेच छापून येते. त्यात झेंडे आणि हस्तांदोलने भरपूर. काम नेमके कुठे अडते ते मात्र क्वचितच.

उदाहरण लघवीचे घेऊ. (नाक मुरडू नये, वर पाण्याचा मोठा आधार तोच.) लघवीतून पाणी काढणारे अमेरिकी यंत्र नोव्हेंबर २००८ मध्ये स्थानकावर गेले. त्याने ८५ टक्के पाणी परत द्यावे अशी रचना होती. अमेरिकी भागातले शौचालय मात्र रशियन बनावटीचे, आणि लघवी टिकावी म्हणून तिच्यात मिसळायचे सल्फ्युरिक आम्लाचे मिश्रणही रशियन. जमिनीवर सगळे जुळले. वर वजनरहित अवस्थेत, पुरेसा व्यायाम नसेल तर, भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्यांनी घटते आणि ते कॅल्शियम लघवीत उतरते. आम्लातल्या सल्फेटशी त्याची गाठ पडली, जिप्समचा साका धरला आणि २००९ च्या अखेरीस ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे द्रव आटवून वाफेतून पाणी मिळवण्याचा, भाग बंद पडला. हाडे डॉक्टरांची, आम्ल रशियनांचे, यंत्र अमेरिकी अभियंत्यांचे. बिघाड यांपैकी एकाच्याही हद्दीत नव्हता. आधी द्रव कमी आटवून, म्हणजे पाण्यावर पाणी सोडून, भागवले गेले. पुढे फॉस्फोरिक आम्ल आले, त्यात कॅल्शियम विरघळलेलेच राहते.

स्थानकाच्या रशियन भागातल्या झ्वेझ्दा मॉड्यूलच्या (कक्षाच्या) मागच्या बोळातली हवागळती हा दुसरा धडा. ती २०१९ मध्ये लक्षात आली. सूक्ष्म कंपनांनी धातू थकला, असे रशियन अभियंते म्हणत; नासा दाब, साचलेला ताण आणि धातूचे गुणधर्म यांच्याकडे एकत्रित बोट दाखवत असे. कारणावर एकमत नसतानाही एक नियम ठरला: तो बोळ उघडायचा तेव्हा रशियन आणि अमेरिकी भागांमधले दार खबरदारी म्हणून लावून घ्यायचे. सहकार्याचा हा नमुना मला करारांवरच्या सह्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

आता आपल्या स्थानकाकडे येऊ. भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये पाठवण्याचे आणि पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचे ठरले आहे. तिथे तीन-चार जण सहा-सहा महिने राहिले असे धरले, तरी वर्षाला सहा ते आठ जणांचीच मापे हाती येतील. तेवढ्यावर हाडांबद्दल ठाम काही सांगायला कित्येक वर्षे जातील. इतर देशांच्या मापांत आपली मिळवायची, तर ती आधीपासून एकाच पद्धतीने घ्यावी लागतील. दोन कंपन्यांच्या डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी घनता मोजणाऱ्या, यंत्रांवरचे हाडांच्या घनतेचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. उड्डाणापूर्वीचे माप एका यंत्रावर आणि नंतरचे दुसऱ्यावर घेतले तर तो माणूस अभ्यासातून बादच.

मापांसारखाच प्रश्न नमुन्यांचा. रक्ताचे नमुने उणे ८० अंशांत गोठवले तरी खाली कसे आणणार? प्रोग्रेस आणि सिग्नस ही मालवाहू याने परतीच्या वाटेवर वातावरणात जळून जातात. गोठवलेला माल मोठ्या प्रमाणात आणायला स्पेसएक्सचे, पृथ्वीवर सुखरूप परतणारे ड्रॅगन यानच लागते.

डॉकिंगचे, म्हणजे याने एकमेकांना जोडण्याचे, आंतरराष्ट्रीय मानक २०१० पासून खुले आहे, त्याची काळजी कमी. म्हणून इस्रोने आता तीन गोष्टी जाहीर कराव्यात: मापनाची कोणती पद्धत स्वीकारणार, परतीच्या यानात शीतपेटीला किती जागा देणार, आणि बाहेरच्या देशांच्या उपकरणांना किती व्होल्टची वीज देणार. आजच्या स्थानकात अमेरिकी भागाची वीज १२० व्होल्टची, रशियन भागाची २८ ची, आणि मधे कायमचे रूपांतरक.

आपला,
एक वाचक, पुणे