अण्णा, बॅटरी आडवी धरलीत म्हणून

आदरणीय अण्णा,

हे घरी येऊनही सांगता आलं असतं. पण सोलापूरच्या पूर्व भागात अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर हातमागाचं सामान पडून आहे. त्यांनीही वाचावं म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

आजोबांच्या धोट्याचे, म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन ये-जा करणाऱ्या लाकडी तुकड्याचे, फोटो मी महिनाभर काढत होते. 50 मिमीच्या लेन्समागे 50 मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स सेन्सरपासून लांब नेणाऱ्या पोकळ नळ्या) लावल्या की वस्तू सेन्सरवर मूळ आकाराएवढी उमटते. लेन्सचं छिद्र एफ/11 इतकं बारीक ठेवूनही जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो, म्हणून फोकस कणाकणाने सरकवत वीसेक फोटो काढायचे आणि जोडायचे. हे सगळं जमलं होतं. तरी धोटा प्लास्टिकचा वाटायचा. फ्लॅश मी समोरून मारत होते.

तुम्ही चहाला आलात, स्क्रीन बघितलीत आणि म्हणालात, "पोरी, सुतानं पाडलेली खाच कुठं गेली?" ट्यूबलाइट घालवायला लावलीत आणि बॅटरी टेबलालगत आडवी धरलीत. मागावर तुटका धागा शोधायला तुम्ही दिवा असाच कापडालगत धरायचात.

त्या उजेडात लाकडाच्या एकेका रेषेला आपली सावली मिळाली. धोट्याच्या डोळ्याजवळची, म्हणजे सूत बाहेर पडतं त्या भोकाजवळची, खाच उठून आली. कांडीचं (धोट्यात बसवलेल्या नळीचं) सूत कुठून सुटायचं, फणीला (आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या कंगव्याला) घासून कोणती बाजू गुळगुळीत झाली, पोलादी टोक कशानं बोथटलं, सगळं तुम्ही दाखवत गेलात. आजोबा गेले तेव्हा मी पाळण्यात होते. त्यांचे कष्ट मला त्या खाचेत पहिल्यांदा दिसले, अण्णा. त्या रात्री मला झोप आली नाही.

आता मी खोलीत पूर्ण अंधार करते. शटर 8 सेकंद उघडं ठेवते आणि काळ्या कागदाची नळी लावलेली बॅटरी धोट्यावरून हळूहळू फिरवते. जिथे लाकूड फार चकाकतं, तिथे मध्ये बटर पेपर धरते. गणपतीच्या सजावटीतला निळा जिलेटीन कागद मागच्या दिव्याला लावला, तर काळ्या मखमलीवर धोट्याची कड निळसर उमटली. तो फोटो मला सगळ्यांत आवडतो.

तुमचे मनापासून आभार. माळ्यावरची तुमची फणी आणि कांड्या भंगारात देऊ नका. रविवारी बॅटरी घेऊन येते.

तुमची,
शेजारची पोर