रीड थ्री यांना, सप्रेम नमस्कार

तुमचं खरं नाव कुठेही छापायचं नाही, असं तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून खुर्चीचं नाव वापरते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांच्या पिटात, म्हणजे रंगमंचाखालच्या वादकांच्या खड्ड्यात, माणसाला नाव नसतं, खुर्चीला असतं, हे तुम्हीच सांगितलंत. रीड वन, रीड टू, रीड थ्री. त्या खुर्चीतल्या माणसानं एकाच रात्रीत बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन अशी ‘रीड’ म्हणवणारी सगळी फुंकवाद्यं आलटूनपालटून वाजवायची आणि टाळ्या संपायच्या आत मागच्या दारानं स्टेशन गाठायचं.

तुम्ही आता लेकीकडे अ‍ॅरिझोनात. हे पत्र फोनवर तुम्हाला इंग्रजीत वाचून दाखवीनच. पण लिहितेय मराठीत. माझ्या लोकांना तुम्ही कळायला हवेत, हे एक. शिवाय ज्यांच्याबद्दल थोडं तिरकं लिहायचंय, त्यांच्यातले काही मराठीच आहेत.

मी सांगलीची. सांगलीच्या माणसाला नाटकाचं कौतुक शिकवावं लागत नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी आमच्याकडेच सुरुवात केली आणि ते आम्ही कुणाला विसरूही देत नाही. घरात नाट्यपदांच्या तबकड्या होत्या. नाटक बघण्याआधी मी ते ऐकलेलं असायचं, पदं पाठ असायची. त्यामुळे लग्न होऊन न्यू जर्सीत आले, मांडीवर लहान मूल आणि नदीपलीकडे ब्रॉडवे, तेव्हा मनात आलं की इथलंही आधी ऐकूया. तिकिटांचे भाव बघता दुसरा मार्गही नव्हता. आणि 1927 चं ‘शो बोट’ किंवा 1943 चं ‘ओक्लाहोमा!’ त्यांच्या मूळ नटसंचात बघायला पैसे असून तरी काय उपयोग होता? म्हणून ठरवलं, जुन्यापासून सुरू करायचं आणि दशकामागून दशक ऐकत आजपर्यंत यायचं.

मग विचारायला निघाले, आणि काय एकेक नग भेटले! संगीतप्रेमींचा एक क्लब होता. तिथल्या बाईंनी विचारलं, “यातलं पाहिलंय काय काय?” काहीच नाही म्हटल्यावर चारचौघांकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “मग ऐकणार काय?” प्रौढांसाठीच्या एका संध्याकाळच्या वर्गात गुरुजींनी 1943 वरून थेट 1957 वर उडी मारली. मधलं विचारलं तर वेळ नाही. रेकॉर्डच्या दुकानातल्या मुलानं माझ्याकडे आणि कडेवरच्या बाळाकडे बघून कार्टूनच्या गाण्यांचा संच पुढे केला. आमच्या मंडळातल्या एका काकांनी तर, “बालगंधर्वांच्या मातीतली तू, आणि ही काय ठोंब्यांची गाणी ऐकतेस?” असं भर संक्रांतीच्या हळदीकुंकवात सुनावलं. हळदीकुंकवात काका काय करत होते, हा प्रश्न मी अजून विचारलेला नाही.

आणि मग आमच्या वाचनालयाच्या तळघरातलं तुमचं टेबल. दर शनिवारी जुन्या तबकड्यांची विक्री, एक डॉलरला एक. तुम्हीही तोच प्रश्न विचारलात: पाहिलंय काय? मी तयारीतच होते, जरा फटकूनच “काही नाही” म्हणाले. तुम्ही म्हणालात, “मीपण नाही. आठवड्याला आठ खेळ वाजवले. वर काय चाललंय ते कधी दिसलं नाही. ऐकूनच कळायचं.”

इतकी वर्षं पिटात काढून माणसानं खेळ पाहिलेला नसतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. वरच्या फळ्यांवरची पावलं ऐकून कोण आलं ते ओळखायचं, हशा कुठे पिकतो त्यावरून पुढचा सूर कधी धरायचा ते ठरवायचं. ‘अ कोरस लाइन’ला तर पिट वरून झाकलेला होता. 1975 ते 1990, सहा हजारांवर प्रयोग झाले, आणि संगीत टेपवरचं आहे असं वाटून काही प्रेक्षक घरी जायचे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तुम्हाला हसू आवरत नव्हतं. मला मात्र राग आला होता.

तर चिठ्ठ्या. सगळं पत्र त्यांच्यासाठीच आहे.

तबकडीत गाणी असतात, मधलं नाटक नसतं. तुम्ही प्रत्येक तबकडीच्या कव्हरात पिवळ्या कागदाची एक चिठ्ठी सरकवून द्यायला लागलात. त्यात कौतुक नाही, माहिती नाही. फक्त गाणं सुरू होतं तेव्हा वर कोण उभं आहे, आणि त्याला नुकतंच काय कळलंय. ‘ओक्लाहोमा!’ची पहिली चिठ्ठी मला पाठ आहे: “रंगमंचावर एक म्हातारी लोणी काढतेय. दुसरं कुणी नाही. गाणारा अजून विंगेत आहे, साथ नाही. घाई करू नकोस.” मोठा समूह नाचत येईल या अपेक्षेनं बसलेल्या 1943 च्या प्रेक्षकांसमोर हे असं सुरू झालं होतं. आधी नुसतं ऐकलं तेव्हा मला ते एक गोड गाणं वाटलं होतं. चिठ्ठी वाचून ऐकल्यावर अंगावर काटा आला.

त्याच चिठ्ठीच्या मागे तुमच्या युनियनचा अभिमान होता. ऑगस्ट 1942 पासून अमेरिकेतल्या वादकांनी ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता. डेक्का कंपनीनं सप्टेंबर 1943 मध्ये तडजोड केली आणि लगेच ऑक्टोबरमध्ये ‘ओक्लाहोमा!’ मुद्रित झालं, थिएटरातल्याच गायकांसह. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांचा तो गठ्ठा लाखांनी खपला आणि तिथून पुढे प्रत्येक खेळाची तबकडी निघायची रीत पडली. “आम्हाला पैसे मिळाले म्हणून तुला गाणी मिळाली,” असं खाली लिहिलं होतंत.

‘कॅरोसेल’ 1945. “नांदी नाही. पडदा उघडा आहे, जत्रा आहे, वॉल्ट्झ चालू आहे, कुणी शब्द बोलत नाही, आणि दोन माणसं एकमेकांची होऊन जातात.” ‘साउथ पॅसिफिक’ 1949. त्यात दोन मिनिटांहून छोटं एक गाणं आहे. द्वेष उपजत नसतो, तो पोरांना लहानपणी शिकवावा लागतो, असं सांगणारं. ते काढून टाका म्हणून ते रचणाऱ्या रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांच्यावर दबाव आला आणि दोघांनी काढलं नाही. त्या चिठ्ठीत एवढंच होतं: “हे दोनदा ऐक.” मी बऱ्याचदा ऐकलं. गावाकडची आडनावं विचारण्याची तऱ्हा आठवत राहिली.

‘माय फेअर लेडी’च्या कव्हरात मात्र उलटाच मजकूर. “ही गोष्ट तुला ठाऊक आहे म्हणे. मग तू सांग.” शॉच्या त्याच नाटकावरून पुलंनी ‘ती फुलराणी’ केलं आणि भक्ती बर्वे त्यात काय करायच्या, हे मी तळघरात उभी राहून तुम्हाला सांगितलं, थोडं करूनही दाखवलं. पुस्तकं चाळणारे दोघं-तिघं थांबले होते. पुढच्या शनिवारी मी तुम्हाला बालगंधर्व ऐकवले. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि मग अतिशय काळजीनं विचारलंत, “पण मग दुसरं पात्र एवढा वेळ करतं काय?” वन्समोअर ही काय चीज होती ते सांगितल्यावर म्हणालात, आमच्या युनियननं जादा वेळेचे पैसे लावले असते.

सगळ्यात मोठी चिठ्ठी 1971 च्या ‘फॉलीज’ची. ती मी वेगळी ठेवलीय. पाडायला काढलेल्या एका थिएटरात जुन्या नर्तकी एका रात्रीपुरत्या जमतात आणि तरुणपणीची त्यांची भुतं त्यांच्यातून फिरत राहतात, असा तो खेळ. साँडहाइमचं संगीत, विंटर गार्डन थिएटर. रेकॉर्ड कंपनीनं पैसे वाचवायला सगळा डोलारा एकाच एलपीत कोंबला. काही गाणी गाळली, काहींची कडवी छाटली. त्या तबकडीवरून रसिक आजही चिडतात. 1985 मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकला घेऊन लिंकन सेंटरला मैफल करून नवं ध्वनिमुद्रण काढावं लागलं, इतकी ती खंत होती.

तुम्ही मला सरळ 1985 चं देऊ शकला असतात. होतं तुमच्याकडे, नंतर दिलंतही. पण आधी ही तुटकी तबकडीच दिलीत, आणि तिच्यात पिवळ्या कागदांची घडी. छापील स्वरलिपी समोर ठेवून तुम्ही जिथे जिथे कात्री लागली होती ती प्रत्येक जागा लिहून काढली होती. “इथे सुई उचल. हे वाच. आता ठेव.” कोण काय गाणार होतं, कुणाकडे बघून, आणि ते गेल्यामुळे पुढचं गाणं उगाच रागीट का वाटतं. अक्षर थरथरतं होतं. तुमचा उजवा हात त्या हिवाळ्यात दुखत होता, हे मला मागाहून तुमच्या लेकीकडून कळलं. शेवटच्या पानावर: “ऐकू आलं नाही म्हणजे नव्हतं असं नाही. हे कंपनीला कुणी सांगितलं नसावं.”

ती रात्र मी स्वयंपाकघरात सुई उचलत आणि ठेवत काढली. मुलगी झोपलेली. नवऱ्यानं येऊन विचारलं, बिघडलंय का काही? म्हटलं, हो, पण एका माणसानं दुरुस्त करून दिलंय.

माझ्यासाठी इतकं बारीक काम आजवर कुणी केलं नव्हतं. पैसे घेऊन नाही, नात्यातलं म्हणून नाही. आणि ज्यांनी “मग ऐकणार काय?” म्हणून हसून घेतलं, त्यांच्याकडे तुमच्याहून कमी वेळ होता असंही नाही. क्लबातल्या बाई निवृत्तच होत्या. मला वाटतं, आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही हे समोरच्याला कळलं की त्याचा चेहरा कसा होतो, यावर माणूस ओळखावा. क्लबातल्यांचे चेहरे उजळले होते. तुमचाही उजळला होता. मी कारण विचारलं, तर म्हणालात, “तुला हे सगळं पहिल्यांदा ऐकायला मिळणार, मला आता ते नाही.” सभ्यपणा शिकवायला शाळा काढल्या तरी हे वाक्य कुणाला सुचणार नाही. आमच्याकडे गायनाच्या शिकवण्यांमध्येसुद्धा अशी माणसं होती. बाळबोध प्रश्नाला ती तंबोरा खाली ठेवून उत्तर द्यायची. त्यांचे फोटो कुठे लागत नाहीत. असो.

पुढचं भराभर सांगते. 1970 च्या ‘कंपनी’ची तबकडी रात्रभर जागून मुद्रित झाली आणि त्यावर पेनबेकर या दिग्दर्शकानं माहितीपट केला. थकलेल्या नटी एलेन स्ट्रिचला ते एक गाणं काही केल्या साधत नाही, सगळं जग ते बघतं. तुम्ही लिहिलंत, “तू मागच्या वादकांची तोंडं बघ.” बघितली. बिचारे! 1981 चं ‘मेरिली वी रोल अलाँग’ सोळा प्रयोगांत बंद पडलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी स्टुडिओत जाऊन गायली. बंद पडलेल्या नाटकाची तबकडी! तीच लोक ऐकत राहिले. पुढे 2023 मध्ये हडसन थिएटरात ते परत आलं आणि 2024 चा पुनरुज्जीवनाचा टोनी पुरस्कार घेऊन गेलं. ‘रेंट’च्या चिठ्ठीत फक्त तारीख होती: 25 जानेवारी 1996. ‘रेंट’ लिहिणारा जोनाथन लार्सन गेला तो दिवस, त्याच रात्री पहिला खेळ प्रेक्षकांसमोर जायचा होता. ‘हॅमिल्टन’ची चिठ्ठी अ‍ॅरिझोनाहून टपालानं आली: “रीड नाहीत. तरी चांगलं आहे.”

एक विचारायचं राहिलंय. 2008 मध्ये लिंकन सेंटरला ‘साउथ पॅसिफिक’ पुन्हा झालं, तेव्हा सुरुवातीच्या संगीतात रंगमंच मागे सरकायचा आणि खालचे तीसेक वादक दिसायला लागायचे. लोक त्यांनाच टाळ्या द्यायचे. त्या रात्री तुम्ही प्रेक्षकांत होता, एवढंच एकदा बोललात आणि विषय बदललात. फोनवर नीट सांगा.

आणि ‘कॅट्स’. बाकी सगळं मान्य, हे नाही. 1982 ते 2000, अठरा वर्षं चाललेल्या खेळाच्या कव्हरात तुम्ही जी चिठ्ठी घातलीत तिच्यावर एकच शब्द आहे: “मांजरं.” हे काय उत्तर झालं? माझ्या मुलीला ते सगळं तोंडपाठ आहे, आणि मलाही आवडतं, काय करायचं ते करा. रीडचं काम तरी चांगलं आहे, एवढं कबूल करा. शनिवारी तुमच्या सकाळी दहाला फोन करते.

तुमची,
तळघरातली सांगलीकर